रानात गेल्यावर गुरुजी कोण?

१९४५ साली ताराबाई मोडक दादर सोडून बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांच्या नावाला आधीच वजन होतं. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर केलेलं काम, नूतन बालशिक्षण संघ, शिक्षणपत्रिका, दादरचं शिशुविहार. वय पन्नाशी ओलांडलेलं. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या माणसानं मुंबईतच राहून व्याख्यानं द्यायची, तर या बाई डहाणूच्या किनाऱ्यावर बालवाडी काढायला निघाल्या. सोबतीला अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, पुढे हट्टानं शिकून शिक्षिका झालेल्या.

बालवाडी निघाली, पण वस्तीतली मुलं काही आपणहून तिच्याकडे येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली, घरांपुढच्या अंगणात बसली. तीच अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं, आणि आज ते देशभर चालतं. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे वारली पाड्यांवरची थोडी मोठी पोरं अंगणातही सापडत नव्हती. ती गुरांमागे रानात. मग बाई गुरांमागे गेल्या. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसलीत आणि शाळा चाललीय, अशी ती कुरणशाळा.

मी याच पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नोकरीला लागले तेव्हा ठाणे जिल्हा होता, २०१४ साली पालघर झाला. डी.एड.ला असताना कुरणशाळेची गोष्ट आम्हाला सांगितली गेली ती गळतीच्या धड्यात: मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं. परीक्षेत लिहायला छान, गुणही मिळतात. पण इथे वर्षं काढल्यावर मला त्या गोष्टीत वेगळंच काही दिसायला लागलं. वर्गात बाईंना जास्त कळतं, हे मुलांनाही मान्य असतं आणि भिंतींनाही. फळा बाईंच्या मागे, खुर्ची बाईंची, उत्तरं बाईंच्या पुस्तकात. कुरणात मात्र सगळ्यांत अडाणी माणूस म्हणजे बाईच. कुठल्या गवतानं गाय दुधाला उतरते, शेळी कशाला तोंड लावत नाही, ओढा कुठे खोल आहे, कुठल्या बिळाजवळ बसायचं नाही, हे आठ वर्षांच्या पोराला ठाऊक आणि पदवीधर बाईंना नाही. तिथे पाढे शिकवायचे तर आधी पोराच्या मागे चालावं लागतं. शिक्षण चार भिंतींबाहेर काढण्याबद्दल जगभर जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातला अवघड भाग मला हाच वाटतो. मुलांना बाहेर नेणं तसं सोपं. बाहेर गेल्यावर ज्याला कळतं त्याला मोठं मानणं जड जातं.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर लिहिण्याच्या भरात गुराखी पोराचं चित्र फार गोड व्हायचं. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच १९४५ साली तलासरी-उंबरगावकडचा वारली समाज वेठीविरुद्ध उठला होता, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यांच्यात होत्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोनं सावकाराकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. त्या काळी पोरं कुरणात होती ती हौसेनं नव्हेत. शिकायला मोकळीक नव्हती आणि पोटाला पुरत नव्हतं म्हणून होती. आणि ताराबाई-अनुताई या बाहेरून आलेल्या पांढरपेशा बायका होत्या. आंघोळ, नखं, केस, स्वच्छ बोलणं यांचा त्यांच्या कार्यक्रमात मोठा वाटा होता. आज कुणी तसं केलं तर आपण त्याला दोन शब्द सुनावू. तरीही माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं त्यांनी सरळ मांडली. वारली मुलाच्या हाताला जे रोज लागतं त्यातूनच मोजणं आणि जुळवणं शिकता येतं, यावर त्यांचा विश्वास होता. मला त्यांचं मोठेपण तिथे दिसतं.

आता आमच्या शाळेचं सांगते.

परिसर अभ्यास हा तिसरी ते पाचवीचा विषय. पर्यावरण शिकवलंच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सांगितलं, आणि त्यानंतर शाळांमध्ये पर्यावरण आलं ते मुख्यतः चिकटवहीच्या रूपानं. प्रदूषणाचे प्रकार, झाडाचे उपयोग, ‘पाणी अडवा’चं चित्र. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला होता, परिसर आणि शिक्षण या विषयावर. आपल्या गावचं पाणी, माती, झाडं, पाखरं यांची नोंद मुलांनीच करावी आणि ती गावाच्या कामाला यावी, असा त्या गटाचा रोख होता. कल्पना सुंदर. खाली येईपर्यंत तिचा ‘प्रकल्प’ झाला आणि प्रकल्प तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळायला लागले.

आमच्या पाड्यावर एक आजी आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी तिला चौथी-पाचवीबरोबर रानात यायची गळ घातली. शेवळं बघायची होती. पहिल्या सरींनंतर जमिनीतून एकटा, जांभळट दांडा वर येतो, पानं मागाहून. भाजी चविष्ट, पण नुसती शिजवून खाल्ली तर घसा असा खाजतो की बोलायची सोय राहत नाही. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे. अळूत असतात तेच. म्हणून त्यात काकडं घालतात. इथली काकडं म्हणजे रानातल्या काकड झाडाची छोटी आंबट फळं. शेवळं आणि काकडं बाजारात एकाच टोपलीत विकायला येतात, त्याचं कारण हे.

आजी पुढे, पोरं मागे, मी सगळ्यांत शेवटी. आजीनं काही ‘शिकवलं’ म्हणावं असं केलंच नाही. ती चालत होती, वाकत होती, तोडत होती. एका पोरानं उत्साहात दांड्याबरोबर खालचा कंदही ओढायला घेतला तेव्हा तिनं त्याच्या मनगटावर टिचकी मारली. “खालचा गड्डा नाय काढायचा. तो राहेल तं पुढल्या सालाला येल.” एका जागी पाच-सहा दांडे होते, तिनं निम्मे सोडले. का सोडले ते कुणी विचारलं नाही, कारण ते पोरांना माहीतच होतं. विचारलं मी.

मग एक झुडूप आलं. एका मुलीनं विचारलं, हे कशाला? आजी म्हणाली, “ते भगताचं. मी नाय सांगत.” आणि पुढे गेली. भगत म्हणजे पाड्यावरचा औषधं-मंत्र जाणणारा. शाळेत परत आल्यावर मुलांनी वहीत त्या दिवसाची पानं भरली, झाडाचं नाव, काय खातात, कधी मिळतं. त्या झुडपापुढे जागा मोकळी. मी ती भरायला सांगितली नाही, गूगलवर शोधलंही नाही. शाळेला सगळं सांगितलंच पाहिजे ही अपेक्षा आपल्या हाडीमाशी इतकी भिनलेली आहे, की कुणी ‘नाही सांगत’ म्हटलं तर आपल्याला तो अडाणीपणा वाटतो. वास्तविक ज्ञान कुणाला, कधी आणि कशासाठी द्यायचं याचा तो एक पूर्ण विचार आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करायला सांगितल्या. त्या वह्यांपुढेही हाच प्रश्न आहे: लिहिलेलं वाचणार कोण आणि त्यावर पैसे कमावणार कोण?

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तोवर शेवळाचा बहर ओसरू लागलेला असतो. काजवे तर उघडायच्या आधीच चमकून जातात. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा. मार्चअखेर मोह पडायला लागतो. फुलं पहाटे गळतात आणि ती उन्हाआधी वेचावी लागतात, नेमकी तेव्हाच आमची परीक्षेची धांदल. दर वर्षी कमी हजेरीची कारणं वरून मागवली जातात आणि दर वर्षी आम्ही ‘पालकांची उदासीनता’ लिहितो. वास्तविक तो एका पंचांगाचा दुसऱ्या पंचांगाशी चाललेला झगडा आहे. ऑस्ट्रेलियात काकाडूच्या भागातले मूलनिवासी वर्षाचे सहा ऋतू मानतात, आणि राष्ट्रीय उद्यानही पर्यटकांना माहिती देताना तेच सहा ऋतू वापरतं. आमच्याकडे वारली घरात कणसरी ही धान्याची देवी आहे, नारनदेव पावसाचा आहे, नवं धान्य आणि पहिली रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही असा दंडक आहे. हे ऋतुचक्र शाळेच्या दर्शनी भागातल्या वार्षिक नियोजनात कुठेही नाही.

दर्शनी भागात काय आहे? वारली चित्रं. तालुक्याच्या पेंटरनं काढलेली, कंत्राटावर. तारपा वाजवणारा मधे, भोवती नाचणारे. जिव्या सोमा मशे इथलेच, गंजाडचे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ते पाठ्यपुस्तकासारखं सगळ्यांना पाठ आहे. पण लग्नातला भिंतीवरचा चौक सवाष्णींनी लिहायचा असतो, लग्न लावणारी धवलेरी गाते तेव्हा तो पुरा होतो, हे वर्गातल्या निम्म्या पोरींनी घरी पाहिलेलं असूनही शाळेत त्यांना कुणी विचारलेलं नाही. ९ ऑगस्टला आदिवासी दिन. त्या दिवशी तारपा शाळेत येतो, पाहुणे त्याच्याबरोबर फोटो काढतात, दहा तारखेला तारपा घरी आणि आम्ही दोनाच्या पाढ्यावर. दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण एवढ्यावर एक वाद्य उभं राहतं. त्यात हवेचा स्तंभ आहे, कंपन आहे, पाचवीच्या विज्ञानाला पुरून उरेल इतकं भौतिकशास्त्र आहे. ते वाजवणारा आमच्याच एका मुलाचा काका आहे. त्याला मुलांनी तारपा खोलून दाखवायला सांगितला, तर त्यानं अर्धा दिवस बसून दाखवला, आणि मेण कुठल्या पोळ्याचं लागतं यावर पोरांशी वादही घातला.

कॅनडात हाच प्रश्न फार रक्तबंबाळ वाटेनं आला. तिथे एकोणिसाव्या शतकापासून दीड लाखाहून जास्त मूलनिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत ठेवलं गेलं, भाषा बोलली तर मार दिला गेला. त्यांतली शेवटची शाळा बंद व्हायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. २०१५ साली सत्य आणि समेट आयोगानं ९४ मागण्या मांडल्या, त्यात शाळांचा अभ्यासक्रम आणि शिक्षकांची तयारी या मागण्या आहेत. तिथले मिग्मॉ समाजातले जाणते आल्बर्ट मार्शल यांनी २००४च्या सुमाराला एक विचार मांडला. एका डोळ्यानं आपल्या पूर्वजांच्या ज्ञानाचं बळ बघायचं, दुसऱ्यानं पाश्चात्य विज्ञानाचं, आणि दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवायचे. मला यात आवडतं ते हे, की कुठलाही डोळा दुसऱ्याची परीक्षा घेत नाही. आपल्याकडे आदिवासी ज्ञानाची चर्चा सुरू झाली की लगेच कुणीतरी विचारतं, “पण ते वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध झालंय का?” शेवळानं घसा का खाजतो, ते विज्ञानानं सांगितलंय. पण काकडं घालणाऱ्या बायकांनी स्फटिकांची वाट पाहिली असती तर पिढ्यान्‌पिढ्या घसे खाजले असते.

आपल्या आश्रमशाळा कॅनडातल्या शाळांसारख्या नाहीत, त्या मारूनमुटकून भरलेल्या नाहीत. अनेक मुलींसाठी त्या शिक्षणाची एकच वाट आहेत. पण पाच-सहा वर्षांचं मूल जूनमध्ये पाड्यावरून उचललं जातं आणि दिवाळीला परत येतं, तेव्हा मधला सगळा पावसाळा त्याच्या आजीबरोबर घालवायचा राहून जातो. त्याची नोंद कुठल्याच प्रपत्रात होत नाही.

खेळाबद्दल मला जरा वेगळं म्हणायचंय. अलीकडे मुलांनी बाहेर खेळावं असं सगळेच म्हणतात आणि त्याला पुरावेही भरपूर आहेत. चीनमधल्या ग्वांगझूच्या बारा शाळांतला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा उघड्यावर ठेवलं. तीन वर्षांनी त्या गटात ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसायला लागलं होतं, दुसऱ्या गटात ३९.५ टक्क्यांना. नुसत्या उजेडात राहण्यानं एवढा फरक! डेन्मार्कमधल्या जंगलातल्या बालवाड्या पाहून १९९३ साली इंग्लंडच्या ब्रिजवॉटर कॉलेजातली मंडळी भारावली, आणि तिथून फॉरेस्ट स्कूलचं लोण पसरलं. आता आपल्या शहरांतही तशा शाळा निघताहेत, फी ऐकून घाम फुटतो. आईबाप पैसे भरून जे विकत घेतात ते आमच्या पोरांकडे फुकट आहे, आणि आम्ही ते शिस्तीच्या नावाखाली दहा ते पाच बंद करून ठेवतो.

पण खेळ म्हटला की शिक्षकाच्या हाताला खाज सुटते. सूरपारंब्या चालल्यात, तर आम्हाला वाटतं मधल्या सुट्टीनंतर पारंबीवर पाच ओळी लिहून घेऊ. पावसात पोरं वहाळाला माती-दगडाचा बांध घालतात, तो फुटतो, पुन्हा घालतात, एक पोर ओरडतं, “बाजूनं वाट दे, नाय तं परत फुटेल!” हा सांडवा त्याला कुणी शिकवलेला नसतो. त्या क्षणी जवळ जाऊन ‘बघा मुलांनो, याला सांडवा म्हणतात’ असं म्हणण्याची माझी जीभ मी महत्प्रयासानं आवरते. कारण तसं म्हटलं की खेळ संपतो आणि ‘कृती’ सुरू होते, आणि कृतीत पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागतात. दोन दिवसांनी वर्गात धरणाचा धडा आला की मग विचारायचं, तुमचा बांध का फुटत होता? तेव्हा तेच शिकवतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान केव्हातरी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. चांगलंच आहे. फक्त त्या दहा दिवसांचं वेळापत्रक तासागणिक आखून येऊ नये, एवढीच प्रार्थना.

आता विरोधाचं. तो अधिकाऱ्यांकडून होईल असं वाटलं होतं, झाला पालकांकडून. एका बापानं सभेत उभं राहून विचारलं, “बाई, रानच शिकवाया होवं तं शाळेत कशाला घालू? रान मी दावतो. तुमी इंग्लिश दावा.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याचं काय चुकलं? ज्यानं आपल्या आजाला वेठीला जाताना पाहिलंय, त्याला आपलं पोर तहसील कचेरीत खुर्चीवर बसलेलं बघायचंय. रानाचं कौतुक करायला ज्याला रानातून बाहेर पडायची वाट आहे त्यालाच परवडतं. मी त्याला एवढंच म्हटलं, इंग्लिश दाखवीनच, पण तुझा पोरगा फळ्यापुढे तोंड उघडत नाही, आणि रानात गेल्यावर मला गप्प बसवतो. तो तिथे बोलायला लागला की इथेही बोलेल. पटलं असं नाही. “बघू,” म्हणाला. पोरगा मात्र शेवळाच्या त्या पानावर इंग्रजीत नावं लिहायला मागायला लागला. शेवळाला इंग्रजीत सुटसुटीत नाव नाही म्हटल्यावर त्याला भारी आनंद झाला.

सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. साप, ओढा, दरड. मुलगा घसरला तर निलंबन शिक्षकाचं. म्हणून आम्ही जातो तेव्हा पाड्यावरचे दोघे-तिघे मोठे सोबत लागतात, आणि तिथून पुन्हा पैशावर येऊन अडतं. आजी अर्धा दिवस आमच्याबरोबर फिरली तो तिचा भाजीचा दिवस. टोपलीभर शेवळं घेऊन ती बाजाराला जायची, ती पोरांना दाखवण्यात गेली. तज्ज्ञ मार्गदर्शक शहरातून आला तर मानधन, प्रवासखर्च, शाल, नारळ. आजीला चहा.

हे मी शाळा व्यवस्थापन समितीत मांडलं. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत बहुसंख्य पालक असतात, त्यामुळे आजीला मजुरी द्यावी यावर दुमत झालं नाही. वाद झाला तो किती यावर. रोजगार हमीच्या दरानं, असं एक म्हणाला. दुसरी म्हणाली, रोजगार हमीवर खड्डा खणतात, ही शिकवते, तिला मास्तराच्या दरानं द्या. बराच हशा झाला, पण ठरावात आकडा लिहिताना कुणी हसलं नाही. मग मुख्याध्यापक म्हणाले, ठराव ठीक आहे, खर्च टाकायचा कुठे? संयुक्त शाळा अनुदानात दुरुस्ती, वीज, साहित्य, स्वच्छता असं सगळं बसतं, माणूस बसत नाही. अखेर ‘अध्ययन-अध्यापन साहित्य’ या नावाखाली टाकू असं ठरलं. पावतीवर आजीचा अंगठा आहे, समोर लिहिलंय ‘साहित्य पुरवठा’. पुढच्या सभेत हे शब्द बदलून घ्यायचे आहेत. लेखापरीक्षणाला काय उत्तर द्यायचं, ते त्या मास्तराचा दर मागणाऱ्या बाईनं स्वतःकडे घेतलंय.